धुराची सही

“पप्पा, ऑगस्ट आला की तुम्ही ओरुरोला का पळता?”

निनोस्कानं हे विचारलं तेव्हा आदेमार चोकेंच्या तोंडात घास होता. तो त्यांनी चावला, गिळला, वर पाणी प्यायले. मग दुसरा घास घेतला. आईनं, म्हणजे नेल्फीनं, पळी पातेल्यात आपटली. “जेवताना असले प्रश्न विचारतात का? माणसाला जेवू दे आधी.”

खरं तर प्रश्न निनोस्काचा नव्हताच. आदल्या रविवारच्या संध्याकाळी तिघी मैत्रिणी एका मोटारसायकलवर बसून चौकाला फेऱ्या मारत होत्या. सखल मुलखातल्या या त्रिनिदाद गावात रविवारी संध्याकाळी अख्खं गाव चौकाभोवती फिरतं, आणि कुणाला कुठं जायचं नसतं. योबाना चालवत होती, मध्ये दायाना, मागे निनोस्का. पंधराव्या फेरीला योबाना ओरडली, “काय गं निनो, तुझे पप्पा यंदा कधी उडणार? एक तारीख आली की!”

“आजीला भेटायला जातात ते.”

“दर वर्षी? आणि बरोबर धूर सुरू झाला की? आजी काय फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जिवंत असते?”

निनोस्कानं तिच्या पाठीत बुक्की घातली. मोटारसायकल डुलली. मागून कुणीतरी शिवी दिली, तिघी फिदीफिदी हसल्या. मग योबाना म्हणाली, “विचारून दाखव. भाषणं तर मोठमोठी ठोकतेस. पप्पांना एवढं विचारून दाखव, मी तुला महिनाभर आइस्क्रीम खाऊ घालीन.”

मध्ये बसलेली दायाना हळूच म्हणाली, “विचार. मलापण ऐकायचंय.”

मे महिन्यात सगळ्या शाळांच्या वक्तृत्वस्पर्धेत निनोस्का पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिला जो कंठ फुटला होता तो काही बंद होत नव्हता. सोळाव्या वर्षी माणसाला असं वाटतं की जगात फक्त न विचारलेले प्रश्नच अवघड असतात. विचारून टाकले की सुटले. त्यामुळे तिनं विचारलं. आणि पप्पा जेवून उठले, आत गेले, पलंगाखालची निळी बॅग बाहेर ओढली. ओरुरोला न्यायचे जाड स्वेटर तिच्यात आधीच भरून ठेवलेले होते. ते त्यांनी एकेक करून बाहेर काढले.

“यंदा जात नाही,” ते म्हणाले. “यंदा धूर करतो.”

निनोस्का अक्षरशः उडाली. तिनं पप्पांच्या गळ्यात हात टाकले, आईच्या टाकले, कुत्र्याच्याही टाकले. आई मात्र पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. “आदेमार,” एवढंच ती म्हणाली. आनंदाच्या वेळी कुणी असं नाव घेत नाही, हे निनोस्काच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

आता धूर करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. पप्पांच्या विमान कंपनीची एकोणीस खुर्च्यांची चार विमानं, आणि नदीकाठच्या गावांना, गुरांच्या मळ्यांना जोडणारे मार्ग. आदेमार चोके त्या विमानांत उजव्या खुर्चीत बसत. सहवैमानिक. दहा वर्षं उजवी खुर्ची. त्यांच्या मागून आलेली, परवापरवापर्यंत मुरुमं फोडणारी मुलं डाव्या खुर्चीत जाऊन कॅप्टन झाली होती. कारण कंपनीत एक नियम होता. म्हातारे मुख्य वैमानिक होर्मांदो मेल्गार म्हणायचे, “तुमचे तास मला सांगू नका. पाच हजार असोत नाहीतर दहा. एक अख्खं वर्ष माझ्या शेजारी बसा. पाऊस दाखवा, सुरासो दाखवा, धूर दाखवा. मग बोला.”

पावसात मळ्यांच्या धावपट्ट्यांचा चिखल होतो आणि ढग मनोऱ्यासारखे उभे राहतात. सुरासो म्हणजे दक्षिणेचा गार वारा. तो आला की अर्ध्या तासात अंगातला घाम गोठतो आणि विमान खेकड्यासारखं तिरकं उतरवावं लागतं. आणि धूर म्हणजे धूर. ऑगस्टपासून सगळे मळेवाले कुरणं पेटवतात, आणि दोन महिने सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसतो. त्याच्याकडे खुशाल टक लावून बघता येतं. एकेक मोसम पुरा झाला की मेल्गार एका कागदावर सही करत. तीन सह्या झाल्या की कॅप्टन. आदेमारकडे पावसाची सही होती, सुरासोची होती. धुराची नव्हती. ऑगस्ट आला की ते रजा टाकून ओरुरोला जात. चार हजार मीटरवरच्या आपल्या गावात, जिथली हवा इतकी स्वच्छ असते की वीस मैलांवरचा डोंगर हातानं पुसता येईल असं वाटतं.

गावात लोक हसायचे. “आमच्या कोयाला धूर सोसत नाही,” म्हणायचे. डोंगरावरून आलेल्यांना इथं कोया म्हणतात. कधी प्रेमानं, कधी नाही.

आणि धूर न सोसण्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, निदान माहीत आहे असं सगळ्यांना वाटत होतं. नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, एका मळ्याच्या धावपट्टीवर उतरताना विमान झाडांत गेलं. कॅप्टन रुडी आन्तेलो आणि दोन प्रवासी गेले. उजव्या खुर्चीतले आदेमार वाचले. कानामागे लांब व्रण राहिला, आणि पाऊस पडला की गुडघा दुखायचा. रुडी आन्तेलो म्हणजे दायानाचे वडील.

चौकशीत ठरलं की कॅप्टनचा निर्णय चुकला. गावानं त्याच्या पुढचं ठरवलं. आदल्या दिवशी रुडीच्या मेहुण्याचं लग्न होतं, मग काय, प्यायला असणार. नाहीतर इथं जन्मलेला, इथं वाढलेला माणूस धुरात फसेल कसा? विमानतळाच्या प्रतीक्षागृहात कामावर असताना मरण पावलेल्या वैमानिकांच्या नावांची पाटी आहे. तिच्यावर रुडीचं नाव घातलं नाही. आणि शाळेत दायानाचं गणित चुकलं किंवा तिचा पाय अडखळला की मागच्या बाकावरून कुणीतरी, पोलीस दारुड्याचा श्वास तपासताना म्हणतात तसं, म्हणणार, “आन्तेलो, फुंकर मारून दाखव!” दायाना हसायची. सगळ्यांच्या आधी हसायची. मारामारी करायची ती निनोस्का. एकदा तिनं त्या मागच्या बाकावरच्या एबेरचं दप्तर खिडकीतून थेट गटारात टाकलं होतं.

तर असा तो ऑगस्ट सुरू झाला. पप्पा रोज पहाटे विमानतळावर जायचे आणि निनोस्का शाळेत जाऊन बातम्या द्यायची. “आज सांता आनाला जाऊन आले!” “आज तीन तास धूर हटायची वाट बघत बसले!” योबानानं इमानदारीत आइस्क्रीम खाऊ घातलं. घरात मात्र पप्पा बारीक होत चालले होते. संध्याकाळी यायचे, आंघोळ करायचे, तरी त्यांच्या केसांना जळक्या गवताचा वास राहायचा. आई विचारायची, “कसं होतं?” ते म्हणायचे, “होतं.”

सप्टेंबरातल्या एका शनिवारी निनोस्का त्यांच्याबरोबर विमानतळावर गेली. आईनं गरम कुन्यापे, म्हणजे चीजचे छोटे पाव, कागदात बांधून दिले होते. इमारतीच्या गच्चीवर मेल्गार पत्र्याच्या मगातून कॉफी पीत उभे होते. अडुसष्ट वर्षांचे, वाळलेल्या शेंगेसारखे. गच्चीवरून समोर ओळीनं खुणा होत्या: आधी पाण्याची टाकी, मग एकटा आंबा, मग चर्चचा मनोरा, आणि सगळ्यांत लांब रेडिओचा खांब. खांब दिसल्याशिवाय विमान हलायचं नाही.

“टाकी?” मेल्गारांनी विचारलं.

“दिसते,” पप्पा म्हणाले.

“आंबा?”

“दिसतो.”

“मनोरा?”

पप्पा थांबले. “दिसतो.”

“दिसतो, की तिथं आहे हे ठाऊक आहे म्हणून दिसतो?”

“…ठाऊक आहे म्हणून.”

“शाबास. चल, कॉफी घे. अर्ध्या तासानं परत बघू.” मग ते निनोस्काकडे वळले. “काय गं, वक्तृत्ववाली! तुला दिसतो का मनोरा?”

“मला तर खांबपण दिसतोय,” निनोस्का म्हणाली.

“तू राजकारणात जा.”

तिघंही हसले. मेल्गारांनी दोन कुन्यापे एका दमात संपवले, बोटं विजारीला पुसली आणि शिकवायच्या लहरीत आले. “धूर चादरीसारखा असतो, पोरी. अंगावर चादर घेऊन निजलीस आणि डोळ्यांवर ओढलीस, तर वरचा दिवा दिसतो की नाही? दिसतो. आता तीच चादर कडेनं बघ, लांबीत बघ. काही दिसणार नाही. विमानातून असंच. बरोबर डोक्यावर आलात की खाली धावपट्टी लख्ख दिसते, गाय दिसते, गाईची शेपटी दिसते. माणूस म्हणतो, वा, दिसली! वळसा घेतो, समोरून उतरायला लागतो, आणि धावपट्टी गायब. मग ती शोधत शोधत तो खाली येतो. आणि झाडं कुठं जात नाहीत, ती तिथंच असतात.”

निनोस्का पप्पांकडे बघत होती. पप्पा टाकीकडे बघत होते.

“म्हणून मी हा अख्ख्या वर्षाचा नियम केला. रुडी गेल्यावर,” मेल्गार पुढे बोलत राहिले. त्यांचा आवाज खाली गेला. “त्याला मी शिकवलं होतं. पण हे शिकवावं लागलं नव्हतं. पोरगा सप्टेंबरात जन्मलेला, धुरातच पहिला श्वास घेतलेला. वरून दिसलेल्या धावपट्टीवर भरवसा ठेवून तो वळेल? रुडी? नऊ वर्षं मी डोकं आपटतोय, मला कळत नाही. शेवटी लोक म्हणतात तेच धरायचं. प्यायला असेल. दुसरं काय?” त्यांनी हातातला मग उलटा करून उरलेली कॉफी झटकली. “चल आदेमार. टाकी?”

“दिसत नाही,” पप्पा म्हणाले.

टाकी समोर दिसत होती. तिच्यावर बसलेले दोन कावळेसुद्धा दिसत होते.

मेल्गारांनी वळून बघितलं. “डोळ्यांत धूर गेला वाटतं तुझ्या. जा, पाणी मार.”

त्याच दुपारी दायाना आली. मोटारसायकल अंगणात आडवी टाकून ती थेट स्वयंपाकघरात शिरली, पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं आणि चिमूटभर खाल्लं. हे घर तिचंच असल्यासारखं ती वागायची, आणि ते होतंच.

“मावशी, काकांचे शर्ट द्या. आईनं मागितलेत.”

नेल्फी कांदा चिरत होती. सुरी थांबली. “कसले शर्ट?”

“चौथ्या पट्टीसाठी! पुढच्या शनिवारी शेवटची सही आहे ना? मेल्गार स्वतः सांगून गेले आईला.”

कंपनीत एक रीत होती. सहवैमानिकाच्या खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या असतात, कॅप्टनच्या चार. ती चौथी पट्टी नव्या कॅप्टनच्या घरच्यांनी शिवायची नाही. त्याला ज्यानं शेजारी बसवून शिकवलं, त्या पहिल्या कॅप्टनच्या घरातून ती शिवून यायची. रविवारी सगळे त्या घरी जमायचे, मांस भाजायचे, आणि सगळ्यांसमोर सुईत दोरा ओवला जायचा. आदेमार डोंगरावरून इथं आले तेव्हा त्यांना शेजारी बसवणारा पहिला कॅप्टन रुडी आन्तेलो होता. तेव्हा पट्टी दोन्या मार्लेने, म्हणजे मार्लेनेबाई, शिवणार होत्या. रुडीची बायको. पोटासाठी नऊ वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवणारी.

“आई किती खूश आहे माहितीये?” दायाना म्हणाली. “मला वाटलं रडेल. पण नाही. सोनेरी दोरा आणायला स्वतः बाजारात गेली. म्हणते, एवढ्या वर्षांनी आपल्या घरी लोक येणार. रुडीचा माणूस कॅप्टन होतोय, म्हणजे रुडीनं काहीतरी बरं शिकवलंच असेल ना.” ती हसली. “काकांना सांग हं निनो, शर्टाला इस्त्री करू नका. आई तिच्या हातानं करणार.”

नेल्फीनं शर्ट काढून दिले. दुसरं ती काय करणार होती? दायाना ते छातीशी धरून गेली.

पप्पा मागच्या अंगणात मोटारसायकल धूत होते. ती स्वच्छ होती, तरी धूत होते. निनोस्का बादलीशेजारी जाऊन उभी राहिली.

“पप्पा, टाकी दिसत होती.”

“हो.”

“मग?”

त्यांनी फडकं पिळलं. बराच वेळ पिळलं. मग मातीतच खाली बसले आणि ज्या आवाजात ते रेडिओवर हवामान सांगत असतील, त्या सपाट आवाजात बोलायला लागले.

“तो माझा पहिला धूर होता. मी नोव्हेंबरात इथं आलो. पाऊस बघितला, सुरासो बघितला. धूर म्हणजे काय असणार, मला वाटलं, धुकंच की. त्या दिवशी रुडी विमान चालवत होता, त्याचे डोळे आत, उंची-वेग दाखवणाऱ्या घड्याळांवर. बाहेर बघायचं काम माझं. मळा आला. मी खाली बघितलं. धावपट्टी काचेखाली ठेवल्यासारखी. मी म्हटलं, धावपट्टी दिसली, कॅप्टन. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग त्यानं विचारलं, वरून दिसतेय की समोरून?”

निनोस्काला मेल्गारांची चादर आठवली.

“मला प्रश्नच कळला नाही, निनो. आमच्याकडे डोंगरावर वरून दिसलं ते समोरूनही दिसतंच. तो सारखी चेष्टा करायचा माझी. कोया, तुला गाय आणि लामा यांतला फरक कळतो का, असली. मला वाटलं, ही तसलीच काहीतरी. राग आला मला. मी म्हटलं, दिसतेय म्हणजे दिसतेय, समोर आहे. त्यानं भरवसा ठेवला. वळला.”

फडक्यातून पाण्याचे थेंब मातीत पडत होते.

“म्हणजे त्यांनी विचारलं होतं,” निनोस्का म्हणाली.

“दोनदा.”

“आणि चौकशीत?”

“ते जुनं विमान. आतलं बोलणं टिपणारं यंत्र नव्हतं. दवाखान्यात मी पडलो होतो, खिडकीखाली माणसं जमली होती. मेलेल्या एका प्रवाशाचा भाऊ ओरडत होता, शेजारी कोया होता ना? त्यानंच मारलं असेल! तू सात वर्षांची होतीस. आई तुला घेऊन कोपऱ्यात बसली होती. साहेब आले, त्यांनी विचारलं, धावपट्टी कुणाला दिसली? मी म्हटलं, कॅप्टनला.” त्यांनी मान खाली घातली. “एक शब्द. मला वाटलं, तो तर गेलाच. त्याला काय लागणार आहे आता.”

नेल्फी दारात येऊन उभी होती. तिला हे नऊ वर्षं माहीत होतं. “झालं सांगून?” ती म्हणाली. “बरं वाटलं? आता पोरीच्या डोक्यावर ठेवलंस ना ओझं!” आणि मग निनोस्काला, “तू तोंड उघडायचं नाहीस. ऐकतेस? या गावात माझं माहेर आहे, पण तुझ्या बापाचं कोण आहे? त्याला वैमानिक म्हणून कुठं उभं करणार नाहीत. आणि लोक तर… तुला लोक माहीत नाहीत अजून.”

“मला एबेर माहीत आहे,” निनोस्का म्हणाली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला. सगळं नेहमीचंच होतं, म्हणूनच सहन होईना. दायाना तिच्या डब्यातलं खायची, दायाना तिच्या खांद्यावर डोकं टेकून इतिहासाच्या तासाला डुलक्या काढायची. दायानाच्या वहीत, शेवटच्या पानावर, रविवारी कोण कोण येणार त्यांची यादी होती. सोळा नावं. आधी बारा होती. येतील की नाही म्हणून खोडलेली चार पुन्हा लिहिली होती.

बुधवारी फळ्याजवळ दायानाच्या हातून खडू पडला. मागून एबेर म्हणाला, “फुंकर मार, आन्तेलो!” वर्ग हसला. दायाना हसली. निनोस्का उठायला गेली आणि परत बसली. आपण कुठल्या तोंडानं त्याच्या अंगावर धावून जाणार? एबेर निदान उघडपणे बोलतो. सोळा वर्षांत तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती. आणि मे महिन्यापासून तर ती लाज हा शब्दच विसरली होती.

सुट्टीत दायानानं तिला कोपरानं ढोसलं. “काय झालं गं तुला? आज मारलं नाहीस त्याला.”

“डोकं दुखतंय.”

“जाऊ दे. तसंही थोडेच दिवस राहिलेत.” दायाना भिंतीला टेकून चिंचेचं सरबत ओढत होती. “मी ठरवलंय. शाळा संपली की सांता क्रूसला, मोठ्या शहरात जायचं, आणि तिथं फक्त आईचं आडनाव लावायचं. आन्तेलो बंद. कुणी विचारलं वडील काय करायचे, तर सांगायचं, माहीत नाही.” तिनं नळी चावली. “आईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल. पण मी दमले गं. एक काम करायचं होतं त्यांना, शुद्धीवर राहायचं. तेवढंही जमलं नाही.”

निनोस्कानं तोंड उघडलं. भाषणांत बक्षीस मिळवणारं तोंड. तेवढ्यात घंटा झाली.

शनिवारी दुपारी पप्पा सही घेऊन आले. त्या दिवशी खांब अगदी स्पष्ट दिसला होता, म्हणे. मेल्गारांनी तिसऱ्या चौकोनात सही केली आणि आदेमारला मिठी मारून म्हणाले, रुडी बघतोय वरून. कागद जेवणाच्या टेबलावर पडला होता. नेल्फीनं वाळलेल्या मांसाचा भात केला होता, वर अंडं, बाजूला तळलेलं केळं. माहेरची माणसं संध्याकाळी येणार होती. पप्पांनी ताटाला हात लावला नव्हता.

“खा,” आई म्हणाली. “निदान उद्यापुरतं तरी माणसासारखं तोंड कर. सगळे बघणार आहेत.”

“नेल्फी, ती बाई शिवणार आहे. तिच्या हातांनी.”

“शिवू दे! तिला आनंद मिळतोय. तो हिसकावून कुणाचं भलं होणार आहे? तिचा नवरा परत येईल? तुझ्या मुलीचं शिक्षण राहिलंय. मी म्हणते, नऊ वर्षं तू रोज मरतोयस, तेवढं पुरे नाही?”

“पुरे नाही,” पप्पा म्हणाले. पण ते उठले नाहीत. त्यांचा हात कागदावरच राहिला. निनोस्काला एकदम कळलं की हा माणूस उद्या त्या अंगणात उभा राहील, सुईत दोरा ओवला जाईल, तो तोंड उघडेल, मिटेल, आणि चार पट्ट्या घेऊन घरी येईल. मग मरेपर्यंत तो विमान नीट चालवेल, एकही चूक न करता. त्याला हे नको आहे, आणि त्याच्याच्यानं थांबववतही नाही. तिचं त्याच्यावर एवढं प्रेम होतं की तिला त्याच्याकडे बघवेना. ती उठली.

“आई, पप्पा. मला एक सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय.”

“बस खाली,” आई म्हणाली.

“मी आत्ता दायानाकडे चाललेय. आधी तिला सांगणार, मग दोन्या मार्लेनेंना. काकांनी दोनदा विचारलं होतं, आणि वरून की समोरून, असंही विचारलं होतं, तेही सांगणार. त्या ओरडतील, हाकलून देतील, दायाना पुन्हा माझ्याशी कधी बोलणार नाही. मला माहीत आहे. मी रात्रभर रडलेय, आता रडून झालंय. पट्टी शिवायची की नाही ते त्यांना ठरवू दे, पण कुणाच्या खांद्यावर शिवतोय हे माहीत असून ठरवू दे.”

“निनोस्का!” आईचा हात टेबलावर आपटला. “बापाला संपवायला निघालीस तू!”

“मेल्गारांकडे मी जाणार नाही. तिकडे पप्पांनीच जायचं. ते जातील की नाही, मला माहीत नाही.” तिनं दारामागची मोटारसायकलची किल्ली काढली आणि ती टेबलावर, पप्पांच्या हाताजवळ ठेवली. “पप्पा, तुम्ही येणार असाल तर गाडी तुम्ही चालवा, मी मागे बसते. येणार नसाल तर मी चालत जाते. पण मी जातेय.”